महाराजबाग: जुन्या प्राणीसंग्रहालयाला आता वेगळे काम हवे

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, भिवापूर या पट्ट्यातल्या शाळांची नागपूर सहल महाराजबागेशिवाय पूर्ण होत नाही. बाग सीताबर्डीला लागून आहे, तिकीट खेड्यातल्या पालकांना परवडते, डबा सोडायला झाडांची सावली मिळते आणि पहिली-दुसरीच्या मुलांचे पाय दुखण्याआधी सगळे पाहून होते. भोसल्यांच्या या बागेत १८९४ मध्ये सुरू झालेले प्राणीसंग्रहालय आज अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे. हरणे, मोर आणि एकूण हिरवळ यांसाठी मी या जागेला चांगले गुण देईन.

वाघाच्या पिंजऱ्याबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. गजांना लागून वाघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, ठरलेल्या जागी वळतो आणि त्याच पावलांवर परत येतो. आमच्या सहलीबरोबर आलेल्या एका आजीने थोडा वेळ पाहून शेरा मारला, "आमच्या वावरात येते तवा असा घुटमळत नाई, सरळ निंगून जाते." धानाच्या बांधावर वाघ पाहिलेल्या माणसाला पिंजऱ्यातल्या वाघाचे काय बिनसले आहे हे सांगावे लागत नाही, आणि शहरातल्या मुलांना जे अप्रूप वाटते ते आमच्याकडच्या मुलांना वाटेलच असेही नाही.

हे काळाच्या ओघात झाले आहे. हे पिंजरे ज्या काळाच्या कल्पनेतून आले, त्या काळी प्राणी जवळून दिसणे एवढीच अपेक्षा असे. आता केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण जागा, निवारा, पशुवैद्यक आणि विकास आराखडा असे सगळेच तपासते. याच प्राधिकरणाने २००९ मध्ये प्राणीसंग्रहालयांतून हत्ती हलवण्याचे आदेश दिले आणि २०१८ मध्ये महाराजबागेची मान्यताही नाकारली होती. प्राणीसंग्रहालय त्यानंतरही चालू राहिले, पण भर शहरात जागा वाढणार कुठून?

जागा आहे ती नागपूरच्याच कडेला असलेल्या गोरेवाड्याला. सुमारे १,९०० हेक्टरच्या तिथल्या प्राणीउद्यान प्रकल्पात २६ जानेवारी २०२१ रोजी भारतीय सफारीचे उद्घाटन झाले, आणि तिथे बंद बसमधून वाघ, बिबट, अस्वल पाहता येतात. अर्थात मोठी जागा म्हणजे सगळे कुशल असे नव्हे: डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले.

तरीही मोठे मांसाहारी प्राणी तिकडेच शोभतात. महाराजबाग बंद करण्याच्या मताचा मी नाही. हरणे, पक्षी आणि खेळणी राहू द्यावीत, आणि रिकाम्या होणाऱ्या पिंजऱ्यांच्या जागी नाग, घोणस, मण्यार आणि त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी साप यांचे नीट मांडलेले दालन करावे. बागेची मालकी कृषी विद्यापीठाकडे असल्याने शेतकऱ्याच्या उपयोगाची ही गोष्ट तिथे शोभूनही दिसेल. खरिपाच्या दिवसांत आमच्याकडे माणसे सर्पदंशाने जातात, आणि धामण दिसली तरी काठी उगारली जाते. दंश झाल्यावर मांत्रिकाकडे न जाता प्रतिसर्पविष मिळणारे रुग्णालय गाठायचे, हे मुलांनी तिथेच ऐकले तर घरी जाऊन ती सांगतील.

सध्यापुरते सांगायचे तर, प्राथमिकची मुले असतील तर महाराजबागच बरी. सातवीच्या पुढची मुले आणि हाताशी स्वतंत्र गाडी असेल, तर काटोल रस्त्याने थेट गोरेवाडा गाठावा आणि सफारीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात.