शॉटगन सर्व्हिसिंगला पाठवायची: पोस्टाने, दुकानदारामार्फत की गाडीत घालून?

माझ्याकडे क्रीगहॉफ के-80 ही शॉटगन आहे, वर-खाली नळ्यांची. कंपनी जर्मनीतल्या उल्मची, पण अमेरिकेतलं काम पेनसिल्व्हेनियातल्या ऑट्सव्हिलला चालतं. हंगाम संपला की ट्रॅप (हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेम धरायचा खेळ) खेळणारी इथली आपली मंडळी विचारतात, वार्षिक सर्व्हिसिंगला बंदूक पोचवायची कशी?

आधी धास्ती काढून टाकतो. 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे स्वतःची बंदूक दुसऱ्या राज्यातल्या परवानाधारक कंपनीकडे दुरुस्तीला थेट पाठवता येते आणि कंपनी ती थेट तुमच्या घरी परत पाठवू शकते. तुमच्या राज्याचा कायदा मात्र वेगळा वाचा.

मला टपाल खात्याचा रस्ता सर्वांत भरवशाचा वाटतो. शॉटगन रिकामी असेल तर ते सामान्य नागरिकाकडूनही घेतात. काडतुसं मात्र टपालाने अजिबात चालत नाहीत. नेहमीच्या पार्सलचा विमा 5,000 डॉलरपर्यंतच मिळतो आणि नवी के-80 दहा हजारांच्या वर जाते. म्हणून मी रजिस्टर्ड मेल करतो. त्यात 50,000 डॉलरपर्यंत विमा मिळतो आणि पार्सल हातोहात सहीवर पुढे जातं. चिकटपट्टी कागदीच लागते, कारण जोडांवर शिक्के मारतात आणि प्लास्टिकवर शाई धरत नाही. वेळ लागतो, हे खरं. पण कामाला महिना लागणार असेल तर चार दिवस जास्त गेल्याने काय बिघडतं?

यूपीएस आणि फेडेक्स या खासगी कुरिअर कंपन्या परवाना नसलेल्या माणसाकडून बंदूक घेत नाहीत. तिथे ओळखीच्या बंदूक दुकानदारामार्फत जावं लागतं. तो शुल्क घेतो, पण बांधाबांध आणि कागदपत्रं तोच पाहतो आणि पार्सल लवकर पोचतं. घाई असेल तर हेच बरं. फक्त ‘डिक्लेअर्ड व्हॅल्यू’ला विमा समजू नका, ती कुरिअरच्या जबाबदारीची मर्यादा असते. नुकसानभरपाई तुम्हाला मिळणार की दुकानदाराला, हे आधी विचारून घ्या.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास राहत असाल तर यातलं काहीच करू नका. ऑट्सव्हिल तासा-दीड तासावर आहे. बंदूक रिकामी करा, कुलूपबंद पेटीत घाला, डिकीत ठेवा आणि आधी वेळ ठरवून स्वतः घेऊन जा. कारागिराला समोरासमोर सांगता येतं की खालच्या नळीचं काडतूस नीट बाहेर पडत नाही. हे चिठ्ठीत तितकं उतरत नाही. कॅलिफोर्नियात बे एरियातल्यांना अर्थात ही सोय नाही.

पाठवायचीच ठरली तर नळ्या, फोरएंड (नळ्यांखालचा लाकडी भाग) आणि दस्ता सुटे करून प्रत्येकाला वेगळं जाड फोम गुंडाळा. माझ्या एका मित्राने दस्ता सैलसा गुंडाळला आणि तो मनगटाजवळ, म्हणजे हाताने धरायच्या निमुळत्या भागाशी, चिरला. तसं लाकूड पुन्हा मिळत नाही. फोरएंड घरी ठेवू नका, तो त्याच बंदुकीला बसवलेला असतो. कंपनीची पेटी मात्र घरीच ठेवा, पाठवायला साधी प्लास्टिकची पुरते. तिच्यावरच्या खोक्यावर बंदुकीचं नाव किंवा चित्र नको. आत एक कागद ठेवा: नाव, पत्ता, फोन, बंदुकीचा क्रमांक, वर्षभरात उडवलेल्या काडतुसांचा अंदाज आणि चाप कुठे अडखळतो ते.