एमएक्स-४ थर्मल पेस्ट: पेस्ट झकास, पण पीसी बंद पडायचं कारण अर्धंच तिच्याकडे होतं

आधीच सांगते, आर्क्टिक कंपनीच्या एमएक्स-४ ला (प्रोसेसर आणि त्याच्यावरचा कूलर यांच्या मध्ये लावतात ती उष्णता वाहून नेणारी पेस्ट) पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे येईलच. आणि रिव्ह्यू जरा लांबणार आहे, कारण मी ही पेस्ट हौसेनं घेतली नव्हती, पीसी आपोआप बंद पडतो म्हणून घेतली होती.

पीसी म्हातारा. आय५ २४००, म्हणजे २०११ चा प्रोसेसर, चार कोअर, ९५ वॅट. सीपीयू म्हणजे खरं तर प्रोसेसर, पण आमच्या घरात सगळे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, त्यामुळे "सीपीयू तापलाय" हे वाक्य दोन्ही अर्थांनी खरं होतं, डब्यावर हात ठेवला तरी कळायचं. तर काम चालू असताना हा लाईट गेल्यासारखा फटकन बंद व्हायचा, ना निळी स्क्रीन ना मेसेज, आणि लगेच चालू केला तर दोन मिनिटांत परत बंद, पण पंधरा मिनिटं थांबून लावला की शहाण्यासारखा चालायचा. दादाला विचारलं तर तो म्हणे, अगं पेस्ट वाळली असणार, बदलून टाक. आणखी दोघांना विचारलं, तेच उत्तर. मग घेतली, ४ ग्रॅमची सिरिंज.

फक्त डबा उघडायच्या आधी एक काम केलं ते बरं झालं. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं आणि त्यातलं लॉगिंग चालू ठेवलं, म्हणजे दर दोन सेकंदांनी तापमान, फॅनचा स्पीड वगैरे सगळं फाईलमध्ये लिहिलं जातं आणि पीसी मेला तरी मरायच्या आधीची ओळ शिल्लक राहते. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर पण उघडून बघितला होता, तिथे कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद, तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं. हो, मी समोरच बसले होते, मला माहितीये.

लॉगमध्ये नुसत्या डेस्कटॉपवर ६२ डिग्री, आणि व्हिडिओ कन्व्हर्ट करायला लावला की थोड्या वेळात ९७. इथे एक गोष्ट मला नव्यानं कळली. प्रोसेसर तापला की लगेच बंद पडत नाही, आधी स्वतःचा स्पीड कमी करून जीव वाचवायला बघतो, आणि तरीही पारा चढत राहिला तर मग शेवटचा उपाय म्हणून सगळं बंद होतं. म्हणजे उष्णतेनं बंद पडणारा पीसी सहसा आधी कुरकुरतो, फॅन ओरडायला लागतो, माऊस अडकतो, खिडक्या उघडायला वेळ लागतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

मग उघडला. फॅन काढला तर खाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर धुळीची अक्षरशः गोधडी अंथरलेली, वरून बघितलं तर फॅन स्वच्छ दिसायचा, सगळी धूळ फॅन आणि पात्यांच्या मध्ये. ब्रश आणि ब्लोअर घेऊन साफ केलं, ब्लोअर मारताना फॅन बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो वाऱ्यानं भन्नाट फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. आणि मुद्दाम नवी पेस्ट न लावता, जुनीवरच पीसी चालवून बघितला. लोडवर, म्हणजे जड काम चालू असताना, ९७ चे ८१ झाले! नुसत्या साफसफाईनं १६ डिग्री. पेस्टचा रिव्ह्यू लिहितेय म्हणून लपवणार नाही, तुमच्याकडे ब्रश असेल तर आधी तो वापरा.

आता पेस्ट. जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. कूलर (हीटसिंक आणि फॅन मिळून) सरळ वर ओढू नका, पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा आणि मग कूलर हलकासा पिळून सोडवा. एएमडी कंपनीच्या जुन्या सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा) तर प्रोसेसरच कूलरला चिकटून वर येऊ शकतो आणि त्याच्या पिना वाकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टिश्यू घेऊन दोन्ही बाजू आरशासारख्या केल्या, मधोमध वाटाण्यापेक्षा जरा लहान थेंब सोडला, पसरवायला गेले नाही, कूलरच्या दाबानं आपोआप पसरतो. ही पेस्ट वीजवाहक नाही त्यामुळे कडेला थोडी गेली तरी शॉर्टची भीती नाही, माझ्यासारख्या पहिल्यांदा लावणाऱ्या माणसाला हे फार मोठं सुख आहे.

चालू केला आणि बायोसमध्येच (विंडोजच्या आधी येणारी सेटिंगची स्क्रीन) ९० च्या वर! म्हणजे आधीपेक्षा वाईट. तेव्हा रागाच्या भरात एक स्टार देऊन मोकळी होणार होते, पण म्हणलं आधी उघडून बघू, तर कूलरच्या चार प्लॅस्टिकच्या पुशपिनांपैकी एक नीट बसलीच नव्हती, कूलर एका कोपऱ्यातून उचललेला. चूक माझीच. समोरासमोरच्या तिरक्या दोन पिना एकदम दाबायच्या, टक असा आवाज यायला हवा, आणि शक्य असेल तर बोर्डाच्या मागच्या बाजूनं चारही टोकं बाहेर आलीयत का ते बघायचं. आणि कूलर एकदा उचलला की पुसून पेस्ट नव्यानं लावायची, तीच परत दाबायची नाही. दुसऱ्यांदा नीट बसवल्यावर लोडवर ७०, नुसता चालू असताना ३८. म्हणजे पेस्टचे स्वतःचे ११ डिग्री, आणि तेही पहिल्या दिवसापासून, सेट व्हायला थांबावं लागलं नाही.

तीन आठवडे मजेत. मग एका संध्याकाळी गेम चालू केला आणि फटकन बंद.

मी म्हणलं गेली पेस्ट वाया. पण लॉगची शेवटची ओळ बघितली तर ५८ डिग्री, फॅन निवांत, आधी कुरकूर नाही काही नाही. आणि आता लगेच चालू केला तर चालत होता. म्हणजे आधीपासून दोन वेगवेगळे आजार होते आणि आम्ही एकच औषध देत होतो. ग्राफिक्स कार्डनं एकदम वीज मागितली की हा मरायचा, म्हणजे संशय एसएमपीएसवर, पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. मल्टिमीटर घेऊन पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये मोजलं, तिथे १२ व्होल्ट हवेत, ११.४ ते १२.६ चालतं, माझ्याकडे गेम चालू होताना ११.१ पर्यंत घसरत होतं. जाळीतून टॉर्च मारून बघितलं तर एक कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) वरून फुगलेला. एसएमपीएस उघडू मात्र नका हं, वायर काढल्यावरही आत चार्ज राहतो, आणि तो झटका गंमत नसते. दादाकडचा एक जादा एसएमपीएस लावून आठवडाभर चालवला, एकदाही बंद नाही, मग स्वतःचा नवीन घेतला.

त्यामुळे ज्यांचा पीसी आधी रेंगाळून, गरम होऊन बंद पडतो त्यांनी धूळ काढून ही पेस्ट बिनधास्त घ्या. ज्यांचा थंड असताना एका क्षणात मरतो त्यांचे पेस्ट लावून फक्त हात खराब होतील, त्यांनी आधी लॉग बघा आणि वीज तपासा.

कंपनी ही पेस्ट आठ वर्षं टिकते म्हणते, मला चौदा महिने झालेत आणि लोडवर अजून ७१ च्या वर गेलेला नाही. अर्धा मार्क कापला तो टोपणासाठी. एवढुसं आहे ते, पहिल्याच दिवशी टेबलाखाली गेलं ते आजतागायत सापडलं नाही, उरलेल्या सिरिंजच्या तोंडाला सेलोटेप लावून ठेवलीय.