जुन्या साड्यांची हाताने शिवलेली गोधडी: पैसे वसूल, पण कापड चांगलं असेल तरच

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईत असलेले सुटतील. घरात जुनी सुती नऊवारी, धोतरं, वायलच्या साड्या पडून असतील आणि हाताने गोधडी शिवून देणारी कुणी बाई ओळखीत असेल तर बिनधास्त द्या. ऑनलाइन मिळते ती ‘ट्रॅडिशनल हॅण्डमेड गोधडी’ मात्र फोटो झूम करून बघितल्याशिवाय मागवू नका. आमच्या घरात सध्या दोन्ही आहेत, त्यामुळे शेजारी शेजारी ठेवून सांगू शकते.

ऑनलाइनवालीचं पटकन उरकते कारण सांगण्यासारखं फार काही नाही. वरची ठिगळं म्हणजे ठिगळं नव्हतीच, एकाच कापडावर ठिगळांचं डिझाइन छापलेलं. आत पॉलिस्टरचा फुगीर थर, आणि हातशिलाई म्हणून जे लिहिलं होतं ती मशीनची लांब टीप. डिसेंबरात ठीक आहे, पण होळीनंतर पुण्यात अंगावर घेतली की घाम आणि बाजूला केली की पहाटे गार. पहिल्या एकदोन धुण्यातच कडेची शिवण उसवली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असलाच माल बरेच जण विकतायत. दिसायला छान आहे, पाहुणे आले की दिवाणावर टाकतो.

आता खरी गोष्ट. ओळखीतून एक मावशी मिळाल्या, मूळच्या पुरंदर तालुक्यातल्या, आता हडपसरच्या पुढे मुलाकडे असतात आणि दुपारच्या वेळात गोधड्या शिवतात. बोर्ड नाही, इन्स्टावर पेज नाही, फोन केला की “कापड घेऊन या, बघते” एवढंच. आजीच्या ट्रंकेतलं आणि आईच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यातलं असं सगळं मी दोन मोठ्या पिशव्यांत कोंबून नेलं. मला वाटलं मोजून घेतील आणि तारीख सांगतील. त्यांनी सगळं सतरंजीवर ओतलं आणि निवडायलाच बसल्या, आणि खरं सांगायचं तर या सर्व्हिसमधली सगळ्यात भारी गोष्ट ती निवडच आहे.

ज्याच्याबद्दल शंका त्याचा कडेचा एक धागा ओढायचा आणि काडी लावायची. सुती धागा कागदासारखा भुर्रकन जळतो आणि बोटात चुरली की मऊ राख होते. पॉलिस्टर किंवा नायलॉन वितळतं, आकसतं आणि टोकाला टणक गोळी उरते. टेरिकॉट, म्हणजे सूत-पॉलिस्टरचं मिश्रण, मधलंच काहीतरी करतं, जळतंही आणि गोळीही होते. अर्ध्या तासात माझ्या दोन पिशव्यांची दीड पिशवी परत माझ्याकडे आली. त्यात आईची सत्तरच्या दशकातली नायलॉनची साडी होती, मोठ्ठ्या फुलांची, जुन्या फोटोत आई फार सुंदर दिसते त्या साडीत. मावशी म्हणाल्या, “ही शंभर वर्षं टिकंल बाई, पण पोटात घातली तर सरकत ऱ्हाईल, घाम पीत न्हाई.” (पोटात म्हणजे गोधडीच्या मधल्या थरात.) बाबांचे टेरिकॉटचे शर्ट बाद. ओटीत आलेले ब्लाउजपीस जवळजवळ सगळे बाद (ते तर कुणी शिवतच नाही, या ओटीतून त्या ओटीत फिरत राहतात, आमच्या घरातले काही बहुतेक दोनदा आलेत).

पास काय झालं ते वाचा, कारण तुमच्याही घरात हेच असणार. आजीच्या तीन नऊवाऱ्या, त्यातली एक इरकल, गोमी नावाच्या नक्षीच्या काठाची. इरकल म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची, अंग सुती आणि लाल पांढरा टोपपदर रेशमी. मावशींनी पदर कापून वेगळा काढला, रेशीम सुताबरोबर शिवलं की आधी तेच विरतं म्हणाल्या. मग आजोबांची दोन धोतरं, एक नेसून नेसून मलमलीसारखं झालेलं आणि दुसरं कुणाच्या तरी बाराव्याला मिळालेलं, कधी न नेसलेलं, कडेला गिरणीचा निळा शिक्का अजून पुसट दिसतोय. आईची एक वायलची साडी, ती आई अजूनही “खटाववायल” असं एका दमात म्हणते. खटाव ही मुंबईत भायखळ्याची गिरणी होती, 1874 सालातली, आणि एके काळी घराघरात उन्हाळ्यात वायल म्हणजे खटाव एवढं साधं गणित होतं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यानंतर कित्येक गिरण्या सावरल्याच नाहीत, कापड भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेलं आणि सुतात पॉलिस्टर कधी मिसळलं ते आपल्याला कळलंही नाही. म्हणजे बघा, माझ्या लग्नातल्या साड्यांपैकी एकही मावशी घेणार नाहीत. पुढच्या पिढीने गोधडी कशाची शिवायची हा प्रश्नच आहे, माझ्या लेगिंग्जची नक्कीच नाही.

नवीन सुती कापड आणून दिलं तर चालेल का असं मी विचारलं होतं. नाही चालत. नवीन कापडात कांजी असते, पहिल्या धुण्यात ते आटतं, जुनं आधीच आटलेलं असतं, मग नवीन जुन्याला ओढतं आणि गोधडीला चुण्या पडतात, फार जोर आला तर जुनं फाटतं. ते न नेसलेलं धोतरसुद्धा त्यांनी आधी मला घरी नेऊन दोनदा कडक पाण्यात धुऊन वाळवून आणायला लावलं. मला कंटाळा आला होता, पण बरोबर होतं त्यांचं.

नऊवारीचा हिशोब पण गमतीचा आहे. साधारण सव्वाआठ मीटर लांब, चौपदरी घडी घातली की दोन मीटरचे चार थर होतात, पण पन्हा, म्हणजे रुंदी, सव्वा मीटरपेक्षा कमीच, म्हणजे एका माणसाने अंगावर घेतली की कूस बदलताना पाठ उघडी. म्हणून पन्ह्याला जोड द्यावा लागतो आणि जोडाची शिवण वरच्या आणि खालच्या थरात एकाच जागी येऊ द्यायची नाही, नाहीतर तिथे दोरखंड झाल्यासारखं टोचतं. माझी गोधडी पाच बाय सात फूट, सहा थर, वजन पावणेदोन किलो भरलं. जेवढी दिसते त्यापेक्षा जड आहे, आणि मला ते वजनच आवडतं, रजईसारखी रात्री घसरून खाली पडत नाही.

इथे माझी आणि मावशींची थोडी जुंपली. मला आजीची ती हिरवी चौकड्याची नऊवारी वर हवी होती, दिसायला. तिला बघूनच तर गोधडी करायचं डोक्यात आलं होतं. मावशींनी ती उजेडावर धरली, आरपार दिसत होतं, आणि म्हणाल्या ही पोटात. जे सगळ्यात विरलेलं ते मधे, जे दणकट ते वर आणि जे मऊ ते अंगाच्या बाजूला, हा त्यांचा नियम. म्हणजे ज्या साडीसाठी एवढं केलं ती आता दिसतच नाही! मी बराच वेळ हट्ट केला, शेवटी त्यांनी त्या साडीचा त्यातल्या त्यात बरा काठ घेऊन चारी बाजूंनी गोट लावून दिला. कारण समजतं, वर घातली असती तर वर्षभरात चिंध्या झाल्या असत्या, तरी मला अजून थोडं लागलंय. तुम्हाला कुणाची आठवण म्हणून गोधडी करायची असेल तर हे आधीच बोलून घ्या, हातात आल्यावर नाही.

शिवण्याची पद्धत बघायला मिळाली ती वेगळीच मजा. जमिनीवर सगळे थर एकावर एक अंथरून, हाताने चुण्या काढत काढत, कोपऱ्यांवर वजन ठेवून आधी लांब लांब कच्चे टाके, मग कडेपासून धावदोरा सुरू, फिरत फिरत चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत. दोन ओळींमधे बोटभर अंतर. दाभणासारखी जाड सुई, दोरा सुतीच, नायलॉनचा दोरा जुन्या कापडाला चिरतो म्हणे. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बायका जी कवंदी नावाची गोधडी शिवतात तीही अशीच कडेकडून आत जाते आणि कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावल्याशिवाय त्या ती पुरी झाली म्हणत नाहीत. मावशींना मोबाइलवर दाखवलं तर दोन फोटो बघून म्हणाल्या, “ठिगळं झ्याक बसवलीत, पर टाका माझाच बारीक हाय.” आणि आहेच.

मशीनवर का नाही असं काही जण विचारतील, कारण शेजारचा टेलर निम्म्या पैशात करून देतो. मशीनची टीप घट्ट असते, जुन्या कापडाला सरळ रेषेत भोकं पडतात आणि ते त्याच रेषेवर फाटतं, शिवाय गोधडी कडक होते. हाताचा टाका ढिला, कापडाबरोबर हलतो. बाळासाठी दुपटं करत असाल तर हा फरक लगेच हाताला कळतो. उरलेल्या धोतराच्या तुकड्यांचं त्यांनी एक दुपटं करून दिलं, जास्तीचे पैसे न घेता, ते भाचीच्या बाळाला गेलं आणि आता तेवढं एकच दुपटं त्याला लागतं.

लहानपणी आमच्याकडे, सातारा बाजूला, वाकळ म्हणायचे, आणि ती शिवायला कुणी पैसे देत नव्हतं. उन्हाळ्यात रानात काम नसायचं तेव्हा सोप्यात दुपारी दोघीतिघी बसायच्या, एकीची संपली की दुसरीची. आम्हा पोरांना सुईत दोरा ओवायचं काम, कारण म्हाताऱ्यांना दिसायचं नाही. आणि घट बसायच्या आधी धुणं! नवरात्राच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण बैलगाडीत घालून ओढ्यावर न्यायचं, वाकळ भिजली की एका बाईला उचलायची नाही, पायाने तुडवायची, मग दोन टोकांना दोघी उभ्या राहून पिळायच्या, खडकांवर नि बाभळीवर वाळत. आजी पिळताना नेहमी जाऊबाईंना म्हणायची, “जोर लावा, जेवला न्हाय का?” आणि जाऊबाई दर वर्षी तेवढ्याच चिडायच्या. पुढे शहरात बोहारीण यायला लागली, चार साड्यांवर स्टीलचं पातेलं, आणि कित्येक चांगली लुगडी तिच्या बोचक्यात गेली. पातेली अजून आहेत आमच्याकडे, पण पातेलं अंगावर घेता येत नाही.

आता तक्रारी, कारण सगळं गोड लिहिलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. एक, वेळ. तीन आठवडे सांगितले होते, दीड महिना लागला. मधे नागपंचमी आली, त्या दिवशी सुई-कात्रीला हात लावत नाहीत, ते मला मान्य, पण त्याच्या अलीकडचा-पलीकडचा आठवडाही त्यातच गेला. दोन, दोऱ्याचा रंग त्यांनी न विचारता लाल घेतला. दिसतो चांगला, पण विचारायला हवं होतं. तीन, इरकलीचा लाल रंग पहिल्या धुण्यात सुटला आणि अस्तराच्या पांढऱ्या धोतरावर एका कोपऱ्यात गुलाबी छटा आली. पहिल्या दोन वेळा गार पाण्यात, एकटीच धुवा, गरम पाणी अजिबात नको. फ्रंट लोड मशीनमधे सौम्य सायकलवर आता व्यवस्थित निघते, पिळणं कमी ठेवायचं आणि वाळायला ऊन लागतंच, फ्लॅटच्या बाल्कनीत पावसाळ्यात हा प्रकार करू नका, दोन दिवस ओला वास मारत राहते. चार, ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास आतल्या थरांना राहतो, शिवायला द्यायच्या आधीच कापड धुऊन उन्हात टाकलं तर बरं.

मजुरी सिंगलला 1500 घेतली, डबलला 2200 सांगितली, कापड आपलं. सुरुवातीला मला महाग वाटली, मग एवढे टाके कुणीतरी जमिनीवर वाकून घातलेत हे बघितल्यावर घासाघीस करायचा विषयच संपला. ऑनलाइनवाली सेलमधे 1800 ला पडली होती. मुलाच्या नंबरवर यूपीआय चालतं. होम डिलिव्हरी नाही, आपणच आणायची.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या उशिरासाठी आणि लाल दोऱ्यासाठी कापला. मावशींचा नंबर इथे टाकत नाही, त्यांनी नको सांगितलंय, हातातलं कामच संपत नाहीये. पण तुमच्याही आसपास कुणीतरी असेल, कामाला येणाऱ्या मावशींना, दूधवाल्याला, गावाकडच्या नातेवाइकांना विचारा, बोर्ड शोधत बसू नका. दिवाळीच्या तोंडावर देऊ नका, तेव्हा सगळ्यांनाच थंडीची आठवण होते. मी आता सासूबाईंचं कपाट काढलंय, डबलसाठी. चार साड्यांना काडी लावून झाली, दोन सुती निघाल्या, आणि सासूबाई म्हणतायत उरलेल्या माझ्यासमोर जाळू नकोस.