एम.एड. आणि पीएच.डी.: विद्यापीठाचा विभाग की अध्यापक महाविद्यालय?

बी.एड. पूर्ण करून पुढे एम.एड. आणि त्यानंतर शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांपुढे महाराष्ट्रात मुख्यतः दोन वाटा असतात. एक म्हणजे विद्यापीठाच्या आवारातला शिक्षणशास्त्र विभाग. दुसरी म्हणजे विद्यापीठाशी संलग्न असलेले अध्यापक महाविद्यालय, जिथे बी.एड. व एम.एड.चे वर्ग चालतात आणि काही ठिकाणी पीएच.डी.चे मान्यताप्राप्त संशोधन केंद्रही असते. पदवी दोन्हीकडे विद्यापीठाचीच मिळते, त्यामुळे घरापासूनचे अंतर आणि शुल्क एवढेच पाहून प्रवेश घेतला जातो. या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, तथापि त्यांच्या आधी एक प्रश्न येतो आणि तो बहुधा विचारलाच जात नाही: एम.एड. आणि पीएच.डी. एकाच ठिकाणी करायचे, हे गृहीत का धरायचे? माझे मत असे आहे की हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. एम.एड.साठी बी.एड.चा वर्ग जोमाने चालणारे महाविद्यालय पुष्कळदा अधिक लाभाचे ठरते, तर पीएच.डी.साठी विद्यापीठाचा विभाग. अर्थात तिथे योग्य मार्गदर्शक असेल तरच.

आधी दोन्हीकडे समान काय आहे ते पाहू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार एम.एड. दोन वर्षांचे झाले. प्रवेशासाठी बी.एड.ला किमान ५० टक्के गुण लागतात, एका तुकडीत ५० विद्यार्थी असतात आणि लघुप्रबंध प्रत्येकाला लिहावाच लागतो. राज्यात प्रवेशासाठी एम.एड. सीईटी द्यावी लागते. एका तुकडीमागे दोन प्राध्यापक, दोन सहयोगी प्राध्यापक व सहा सहायक प्राध्यापक, म्हणजे एकूण दहा शिक्षक असावेत, असा निकष आहे. हा शेवटचा आकडा माहितीपत्रकात दोन्हीकडे सारखाच दिसतो. प्रत्यक्षात किती पदे भरलेली आहेत, हे मात्र जाऊनच पाहावे लागते. विद्यापीठांच्या विभागांत मंजूर पदे रिक्त असणे आणि महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम भागवणे, या दोन्ही गोष्टी आपल्या राज्यात नव्या नाहीत. एम.एड. एक वर्षाचे करण्याची तरतूद २०२५ च्या नियमावलीच्या मसुद्यात आहे, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीचा नियम तपासून घ्यावा.

आता एम.एड.चा विचार. अध्यापक महाविद्यालयाचे खरे बळ त्याच्या सराव शाळांत असते. वर्षानुवर्षे छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चे विद्यार्थी, त्या शाळांत पाठ घेत आलेले असतात, मुख्याध्यापकांशी संबंध जुळलेले असतात, आणि शाळेलाही महाविद्यालयातून कोणीतरी येऊन वर्गात मागे बसणार याची सवय झालेली असते. बी.एड.च्या दोन वर्षांत मिळून वीस आठवडे छात्राध्यापक शाळेशी जोडलेले असतात. एम.एड.च्या विद्यार्थ्याला त्यांच्या पाठांचे निरीक्षण करण्याची संधी मिळते, आणि ही संधी किती मोलाची आहे हे एका साध्या प्रसंगावरून लक्षात येईल. सातवीच्या वर्गात अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ चालू आहे. फळ्यावर छात्राध्यापकाने लसावि काढून उदाहरण सोडवले आहे, टाचणात लिहिलेल्या सर्व पायऱ्या क्रमाने झाल्या आहेत. मागच्या बाकावरच्या मुलीच्या वहीत मात्र १/२ + १/३ = २/५ असे लिहिले आहे, आणि तिच्या शेजारणीच्या वहीतही तेच. छात्राध्यापक ‘चूक’ म्हणून पुढे जातो व तीच रीत पुन्हा समजावतो. मागे बसलेला निरीक्षक आपल्या वहीत निव्वळ ‘फलकलेखन चांगले, मूल्यमापन अपुरे’ असा शेरा मारून थांबला नाही, आणि अंशात अंश व छेदात छेद मिळवणारी मुले वर्गात किती आहेत, त्यांना तसे का वाटते, लसावि शिकवल्यावर ती समजूत जाते की नुसती झाकली जाते, असे स्वतःला विचारू लागला, तर त्याला लघुप्रबंधाचा विषय तिथेच मिळालेला असतो.

विद्यापीठाच्या अनेक विभागांत बी.एड.चा वर्ग नसतो. तिथला विद्यार्थी शिक्षणाचे तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, अभ्यासक्रम विकसन, संशोधन पद्धती हे सारे अधिक खोलात वाचतो. समाजशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र असे इतर विभाग हाकेच्या अंतरावर असतात आणि त्यांच्या व्याख्यानांना बसता येते. ज्याने चार-पाच वर्षे शाळेत शिकवलेले आहे, त्याला वर्गाचा अनुभव पुन्हा मिळवण्याची गरज नसते आणि म्हणून विभाग अधिक मानवतो. परंतु पदवीनंतर लगेच बी.एड. आणि लगेच एम.एड. असा प्रवास करणाऱ्याचे तसे नसते. वर्गाशी संबंध तुटला की लघुप्रबंधाचे विषय ग्रंथालयातल्या जुन्या लघुप्रबंधांवरून उचलले जातात, आणि मग ‘इयत्ता अमुकच्या विद्यार्थ्यांसाठी तमुक कार्यक्रमाची निर्मिती व त्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास’ याच साच्यात इयत्ता आणि विषय बदलून शीर्षके तयार होतात. पूर्व चाचणी, दोन आठवड्यांचा कार्यक्रम, उत्तर चाचणी, टी-मूल्य सार्थ (म्हणजे गुणांतला फरक योगायोगाचा नाही), शून्य परिकल्पनेचा, म्हणजे ‘फरक पडत नाही’ या गृहीताचा, त्याग. एवढ्यात संशोधन संपते. हा साचा महाविद्यालयांतही भरपूर आढळतो, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. फरक एवढाच की सराव शाळा जवळ असलेल्या महाविद्यालयात त्यातून बाहेर पडण्याची वाट दिसू शकते, फक्त ती दाखवणारा शिक्षक हवा.

शाळेत प्रवेश मिळणे ही बाबही वाटते तितकी किरकोळ नाही. खासगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापकांची, जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि चाचणी परीक्षा, स्नेहसंमेलन, निवडणुकीची कामे यांतून शाळेला मोकळे आठवडे थोडेच राहतात. ज्या महाविद्यालयाचे शाळांशी जुने नाते आहे, तिथल्या विद्यार्थ्याचे हे काम एका पत्रावर होते. विभागातल्या विद्यार्थ्याला पुष्कळदा स्वतःच फिरावे लागते.

एम.ए. (शिक्षणशास्त्र) हा तिसरा पर्यायही विचारला जातो. त्याला बी.एड. लागत नाही, कोणत्याही शाखेचा पदवीधर तो करू शकतो, आणि शैक्षणिक धोरण किंवा स्वयंसेवी संस्थांतले काम करायचे असेल तर तो पुरेसा आहे. अध्यापक महाविद्यालयात शिकवायचे असेल तर मात्र नीट विचार करावा. २०१४ च्या निकषांनुसार बी.एड.च्या तात्त्विक विषयांसाठी ५५ टक्के गुणांची एम.ए. (शिक्षणशास्त्र) व ५५ टक्के गुणांची बी.एड. अशी जोड चालते. पण मराठी, गणित, विज्ञान यांच्या अध्यापन पद्धतीच्या पदांसाठी त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. दोन्ही लागतात, दोन्हींत ५५ टक्के गुणांसह.

पीएच.डी.ला आल्यावर तराजू दुसऱ्या बाजूला झुकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार किमान कालावधी तीन वर्षांचा व कमाल सहा वर्षांचा असून, त्यापुढे दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या संशोधकांना आणखी दोन वर्षे मिळतात. कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा वर्गातला अभ्यासक्रम, किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) असते. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात, आणि मार्गदर्शक कायम सेवेतला शिक्षकच असावा लागतो. या आकड्यांचा अर्थ व्यवहारात असा होतो की एखाद्या महाविद्यालयाच्या केंद्रात दोनच मान्यताप्राप्त मार्गदर्शक असतील, तर तिथे संशोधक मोजकेच असतात, बहुतेक जण नोकरी सांभाळून येणारे असतात आणि एकमेकांना क्वचितच भेटतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा संशोधक घेता येत नाही, या नियमामुळे असे छोटे केंद्र पाहता पाहता बंद पडल्यासारखे होते.

विभागात निदान शक्यता अशी असते की निरनिराळ्या टप्प्यांवरचे आठ-दहा संशोधक एकाच मजल्यावर वावरत आहेत. कोणाचा आराखडा तयार होत आहे, कोणाची चाचणी, प्रश्नावली अशा साधनांची निर्मिती चालू आहे, कोणी प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात आहे. मघाच्याच अपूर्णांकांच्या विषयाचा आराखडा घेऊन कोणी विभागाच्या चर्चासत्रात उभा राहिला, तर सोबतचा संशोधक सरळ विचारतो की उत्तर बरोबर पण रीत चुकीची असेल तर गुण कसे देणार. संख्याशास्त्र जाणणारा विचारतो की एकाच शाळेच्या दोन तुकड्या घेऊन केलेल्या तुलनेवरून जिल्ह्याविषयी काय म्हणता येईल. आणि मानसशास्त्राकडून आलेली अध्यापिका सुचवते की लेखी चाचणीपेक्षा दहा मुलांची मुलाखत आधी घ्यावी. असे प्रश्न पहिल्या वर्षी मिळाले तर प्रबंध सावरता येतो. ते मौखिक परीक्षेच्या दिवशी बाह्य परीक्षकाकडून आले तर काहीच दुरुस्त करता येत नाही. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडण्याचा नियम दोन्हीकडे आहे, परंतु ती मांडणी वही पाहून सही करण्यापुरती राहते की तिच्यातून काही बदलते, हे तिथल्या वातावरणावर ठरते.

वाचनसाहित्याचा मुद्दाही आता अधिक ठळक झाला आहे. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांना आंतरराष्ट्रीय संशोधनपत्रिका खुल्या झाल्या आहेत. राज्य विद्यापीठाच्या विभागातील संशोधकाला याचा लाभ मिळतो. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाला तो आपोआप मिळत नाही. मराठी ग्रंथांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. पुण्याचे १९४१ पासूनचे टिळक अध्यापक महाविद्यालय किंवा मुंबईचे १९०६ पासूनचे माध्यमिक अध्यापक महाविद्यालय यांसारख्या जुन्या संस्थांकडे अध्यापनाचा दीर्घ वारसा आहे, आणि मराठीतून शिक्षणविचार अभ्यासणाऱ्याने अशा संस्थांची ग्रंथालये आपल्या यादीत ठेवलीच पाहिजेत, मग नोंदणी कुठेही असो.

विज्ञान किंवा गणिताच्या शिक्षणातच संशोधन करायचे असेल, तर या दोन वाटांच्या बाहेरही पाहावे. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असून तिथे विज्ञान शिक्षणात पीएच.डी. करता येते. तिथली निवड कठीण आहे, पण मुलांच्या समजुतींवर बारकाईने काम करणाऱ्यांना तशी जागा राज्यात दुसरी नाही, असे मला वाटते.

मार्गदर्शकाची निवड मात्र कोणत्याही इमारतीपेक्षा वरची. पूर्वी कोणत्या विषयावर काय काम झाले आहे हे शोधण्यासाठी एम. बी. बुच यांनी संपादित केलेल्या, बडोद्याहून १९७४ मध्ये निघालेल्या शैक्षणिक संशोधनाच्या सर्वेक्षणाचा खंड व त्यापुढील खंड धुंडाळावे लागत. आज शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात प्रबंध पूर्ण वाचता येतात, आणि त्याचा उपयोग मार्गदर्शक पारखण्यासाठीही करता येतो. ज्यांच्याकडे काम करायचे आहे त्यांच्या तीन-चार विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडून फक्त दोन गोष्टी वाचाव्यात: संबंधित साहित्याच्या प्रकरणात प्रत्येक संशोधनावर काही भाष्य आहे की नुसती उद्दिष्टे-पद्धती-निष्कर्ष अशी नोंद आहे, आणि निष्कर्षांत एखादी अनपेक्षित गोष्ट मान्य केलेली आहे की सर्वच कार्यक्रम परिणामकारक ठरले आहेत. जिथे कधीच काही फसत नाही, तिथे नोंदणी करण्यापूर्वी दहादा विचार करावा.

आर्थिक बाजू थोडक्यात. २०२४ पासून पीएच.डी. प्रवेशासाठी नेटचे (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे) गुण धरले जातात. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) न मिळालेल्यांसाठी नेटला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार असतो. जेआरएफ मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व त्यानंतर एसआरएफचे (वरिष्ठ अधिछात्रवृत्तीचे) ४२,००० रुपये असे दर जानेवारी २०२३ पासून लागू आहेत. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आपापल्या लक्ष्यगटांसाठी आहेत. पूर्णवेळ अधिछात्रवृत्ती घेणाऱ्याने, माझ्या मते, विभागच निवडावा. दिवसभर आवारात राहण्याचा फायदा तिथेच पुरेपूर मिळतो.

नोकरीत असलेल्या शिक्षकाचे गणित वेगळे. अर्धवेळ पीएच.डी.ला आता मान्यता आहे, परंतु संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि त्यात अभ्यासासाठी पुरेसा वेळ दिला जाईल असे नमूद असावे लागते. अशा शिक्षकासाठी तालुक्याजवळचे, चांगला मार्गदर्शक असलेले महाविद्यालय हे दोनशे किलोमीटरवरच्या विभागापेक्षा अनेकदा शहाणपणाचे ठरते, कारण आठवड्याला एक भेट होणे हे महिन्याला एक भेट होण्यापेक्षा फार वेगळे असते. त्याची शाळा हीच त्याची प्रयोगशाळा असते. उणीव असते ती चर्चा करणाऱ्या सोबत्यांची. ती भरून काढण्यासाठी कोर्सवर्कच्या काळात विद्यापीठात झालेल्या ओळखी टिकवाव्यात, विभागाच्या खुल्या चर्चासत्रांना जमेल तेव्हा जावे, आणि आपला आराखडा समितीपुढे जाण्याआधी मार्गदर्शकाशिवाय आणखी दोघांकडून तरी वाचून घ्यावा.