चौदाशेचा ओबीडी स्कॅनर: आयडलिंगला मिस मारणाऱ्या जुन्या जर्मन गाडीवर काही महिने वापरून

गाडी २०११ ची, जर्मन, व्ही६ पेट्रोल, ऑटोमॅटिक. तक्रार एकच. गरम झाल्यावर सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, आणि तेही मनात आलं तर. नाशिकमध्ये सीबीएसच्या सिग्नलला स्टिअरिंग हातात नाचेल आणि पुढे त्र्यंबक नाक्याला काहीच नाही. सर्व्हिस सेंटरला नेली की एकदम गप्प.

तिथून एस्टिमेट आलं ८५,००० रुपयांचं: सहाही कॉइल (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या), सगळे प्लग, वर इंजेक्टर क्लीनिंग. आधार काय, तर गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला पी०३०० हा दोषाचा कोड. आता हा कोड एवढंच सांगतो की मिसफायर होतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि ते एका सिलिंडरपुरतं नाही. एखादी कॉइल गेली असती तर पी०३०१ ते पी०३०६ पैकी त्या सिलिंडरचा कोड यायला हवा होता. सहाही कॉइल एकदमच आजारी पडतात आणि एकदमच बऱ्या होतात, हे मला पटेना. तेव्हा हा ईएलएम३२७ चिपच्या जातीचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावला की कॉम्प्युटरमधले कोड आणि आकडे मोबाइलवर दिसतात.

पहिल्या आठवड्यात मत फारसं चांगलं नव्हतं. कोड वाचतो, कोड पुसतो, बस. गिअरबॉक्स आणि एअरबॅगच्या युनिटशी बोलतच नाही. अधूनमधून कनेक्शन तुटतं ते वेगळंच.

मत बदललं ते फ्युएल ट्रिममुळे. संपूर्ण रिव्ह्यू या एका आकड्यासाठी लिहिला तरी चालेल. इंजिनला हवा जास्त मिळाली की एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ओरडतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. किती टक्के वाढवलं, तो आकडा म्हणजे ट्रिम. साधारण १० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नसते. माझ्या गाडीत पार्कमध्ये ६. गिअर डीमध्ये टाकला, ब्रेकवर पाय ठेवला, की काही सेकंदांत आकडा चढत थेट २३ वर, आणि त्याच क्षणी थरथर सुरू! दोन्ही बँकचे, म्हणजे व्ही६ मधल्या सिलिंडरच्या दोन्ही रांगांचे, आकडे एकत्रच चढत होते. म्हणजे दोष एका बाजूचा नाही, दोन्हींना सामाईक. रस्त्यावर २,५०० आरपीएमला पुन्हा ६-७. आत येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर घाण झाला असता तर लोड वाढल्यावर आकडा वाढला असता. इथे उलटं होतं, म्हणजे थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, तिच्यानंतर कुठून तरी बाहेरची हवा ओढली जात होती. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन सुरू असताना, इंजिन हवा थोडीच घेतं, त्यामुळे बारीकशी चीरही तिथे जड जाते.

सातपूरच्या आमच्या मिस्त्रीकाकांना ग्राफ दाखवला. ते म्हणाले, "साहेब, डीमध्ये टाकल्यावर इंजिन माउंटिंगवर कलतं. जो पाइप इंजिनवरून बॉडीला जातो तोच बघायचा." ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पाइप! इंजिनच्या ओढीवर ब्रेक दाबायला मदत करणारा डबा म्हणजे बूस्टर. मी डीमध्ये ब्रेक दाबून बसलो, हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडं. काकांनी बाजूला उभं राहून मॅनिफोल्डजवळचा (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांजवळचा) रबरी एल्बो कपडा गुंडाळलेल्या चिमट्याने दाबला. थरथर थांबली आणि मोबाइलवर आकडा खाली यायला लागला. खालच्या बाजूने आरसा धरला तेव्हा चीर दिसली, नखाएवढी, कडा कडक झालेल्या. इंजिन कललं की उघडायची, सरळ झालं की मिटायची. सर्व्हिस सेंटरने गळती शोधायला इंजिनमध्ये धूर सोडून केलेल्या स्मोक टेस्टमध्ये धूर बाहेर का आला नाही, ते आता कळलं. इंजिन बंद असताना चीर मिटलेलीच असणार.

संताप याचा आहे की हा पाइप ब्रेकचा आहे. तो पुरता फाटला असता तर पेडल दगडासारखं झालं असतं, तेही कदाचित कसारा घाट उतरताना. ८५,००० घेऊन नव्या कॉइल बसवल्या असत्या आणि फाटका पाइप तसाच ठेवून गाडी माझ्या हातात दिली असती. नवा पाइप मजुरीसकट ३,२०० ला पडला.

पाइप बदलल्यावरही ट्रिम ६-७ वरच राहतो, शून्यावर येत नाही. काही दिवस ते मनात घोळत होतं. पण तो आयडलला आणि २,५०० ला सारखाच आहे, म्हणजे गळती नाही. ई२० पेट्रोलचा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) हिशोब लावल्यावर उलगडा झाला. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, त्यामुळे ई२० ला साधारण साडेतेरा. जुन्या ट्यूनिंगचा ईसीयू तेवढं पेट्रोल वाढवणारच. हा आकडा बघून कोणी इंजेक्टर बदलायला सांगितले तर ऐकू नका.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा, म्हणजे कोड आला त्या क्षणीच्या आकड्यांच्या नोंदीचा, फोटो काढाच. माझ्या गाडीत वेग ०, आरपीएम ६४०, कूलंट ९२ अंश अशी नोंद होती. गरम इंजिन, उभी गाडी, अर्धा तपास तिथेच होतो. सर्व्हिस सेंटरवाले प्रत्येक वेळी आधी कोड पुसायचे, आणि त्याबरोबर ही नोंदही जायची.

भारतात ओबीडी-२ २०१३ पासून सक्तीचं झालं, पण युरोपात पेट्रोल गाड्यांना ते २००१ पासून आहे, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक जर्मन गाड्यांत हे सॉकेट मिळेल. स्कॅनर मात्र लावून ठेवू नका, गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते. आयफोन असेल तर हा साधा ब्लूटूथवाला जोडला जाणार नाही, वायफायचा घ्या.