इडलीच्या पिठाला वेट ग्राइंडर (दगड फिरवून ओलं पीठ वाटणारं यंत्र) घ्यावा की घरातला मिक्सरच पुरे?

मी नोकरीमुळे कोइम्बतूरला आलो तेव्हा पुण्याहून आणलेला साडेसातशे वॅटचा मिक्सर सोबत होता आणि पहिली दोन वर्षं इडली-डोशाचं पीठ त्याच्यावरच काढलं, म्हणजे मिक्सरवर होतच नाही म्हणणाऱ्यातला मी नाही. होतं. डोसे तर मस्तच होतात, तव्यावर पसरले की काय फरक कळणारे. प्रश्न येतो तो इडलीचा.

मिक्सर गरम होतो, पीठ तापतं, बर्फाचं पाणी घाला वगैरे सगळ्यांना माहितीये, मी पण घालायचो आणि त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. माझा जीव खाल्ला तो वेगळ्याच गोष्टीने. उडीद घट्ट वाटायला घेतला की तो भांड्याच्या कडेला चिकटून बसतो आणि मधे पातं नुसतं हवेत फिरतं. मग बंद करा, झाकण काढा, चमच्याने खाली ढकला, परत चालू करा, दहा सेकंदांनी परत तेच. शेवटी वैतागून पाव वाटी पाणी ओततोच माणूस, की बाबा फिर एकदाचा. आणि ते पाणी परत काढता येत नाही! पीठ सैल झालं की ते आंबतं, आंबट वासही येतो, पण फुगून वर येत नाही आणि इडल्या बशीसारख्या चपट्या. मी कित्येक महिने डाळीला, तांदळाला, हवेला दोष देत होतो, इथल्या उन्हाळ्यात तर पीठ सहा-सात तासांत येतं तरी इडली चपटीच.

शेजारच्या पाटींनी (तमिळमध्ये आजीला पाटी म्हणतात) एकदा त्यांच्याकडचा उडीद दाखवला. ग्राइंडरमधे दगड फिरतायत आणि पाटी पाण्याचा हात मारल्यासारखं दर चार-पाच मिनिटांनी थोडं थोडं पाणी शिंपडतायत, अर्ध्या तासाने पीठ लोण्यासारखं हलकं आणि दुप्पट झालेलं. वाटीभर पाण्यात त्याचा ठिपका टाकला तर वर तरंगला. मिक्सरवर मी एक वाटी उडदाला तीन वाट्या इडलीचा तांदूळ घ्यायचो, त्या चार घेतात आणि तरी त्यांची इडली माझ्यापेक्षा मऊ. घरात आट्टुक्कल, म्हणजे दगडी रगडा, अजून आहे पण त्यावर आता कुंडी ठेवलीये.

महिन्याभरात दोन लिटरचा टेबलटॉप, म्हणजे ओट्यावर ठेवायचा, ग्राइंडर घेतला. गावही त्याचंच, कोइम्बतूरच्या वेट ग्राइंडरला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) आहे.

आता त्याचा त्रासही सांगतो, नाहीतर म्हणाल विकायला बसलाय. एक तर जड, ओट्यावरून रोज उचलून ठेवू असा विचार असेल तर विसरा, कायमची जागा द्यावी लागते. दुसरं धुणं. दगडांच्या खाचांत पीठ अडकतं आणि वाळलं की सिमेंट. मी शेवटी वाटीभर पाणी घालून दोन मिनिटं तसाच फिरवतो आणि ते पाणी फेकत नाही, तांदळाच्या पिठात जातं. आणि एक वाटीपेक्षा कमी उडीद असेल तर दगडांखाली नीट येतच नाही, नुसता भिंतीला फासला जातो.

म्हणून तुम्ही दोघंच असाल, पंधरा दिवसांतून एकदा इडली होत असेल तर खरंच घेऊ नका, उडीद मिक्सरवर काढून त्यात भिजवून पिळलेला इडली रवा घाला, बरीच बरी होते. अडै (मिश्र डाळींचा जाड डोसा), पेसरट्टू (मुगाचा डोसा), नीर डोसा (तांदळाचा पातळ डोसा) यांना तर मी अजूनही मिक्सरच काढतो, अडैचं पीठ भरडच हवं आणि नीर डोशाला पातळच हवं, तिथे पाणी जास्त झाल्याचं दुःख नाही. चटणीचं तर बोलूच नका.

पण आठवड्याला एकदा पीठ होत असेल, चार माणसं असतील आणि इडलीवरच जीव असेल तर, माझ्यापुरतं म्हणतो हं, तुमचा मिक्सर माझ्यापेक्षा चांगला असेलही, मी परत त्या चमच्याने ढकलाढकलीकडे जाणार नाही. रात्री नऊला ग्राइंडर लावतो आणि मधे मधे पाणी शिंपडत बातम्या बघतो.