बारा रुपयांचा वॉशर: घरी बदललेले ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल, साडेसहा महिन्यांनंतर

आज सकाळी, ऑइलची गळती पाहण्यासाठी गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा कोरडा निघाला. हा सलग नव्वदावा कोरडा दिवस आहे, आणि नव्वद पूर्ण झाल्याशिवाय या विषयावर एक ओळही लिहायची नाही असे मी ठरवले होते. घरच्यांच्या मते या पुठ्ठ्याचे मला वेड लागले आहे. तसे असेलही, परंतु ज्याच्या अंगणातील नव्या शहाबादी फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा लाल डाग पडलेला दिसतो, त्याच्याकडून याहून शहाणपणाची अपेक्षा करू नये.

गाडी सात वर्षांची डिझेल सेडान आहे. सहा गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ज्यांच्या गाडीत एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्राने बदलणारा) आहे त्यांना यातील फारसे काही लागू नाही, आणि सीव्हीटीवाल्यांनी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुली असलेला गिअरबॉक्स) तर आपल्या गिअरबॉक्सला लागणारे वेगळे ऑइल सोडून दुसरे कोणतेही घालण्याचा विचारसुद्धा करू नये. ब्याण्णव हजार किलोमीटरच्या सुमारास दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना हलकासा झटका बसू लागला, आणि तो इंजिन थंड असताना अधिक जाणवे. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारले, तेव्हा पहिल्या खेपेस मिळालेले उत्तर असे: "साहेब, हे ऑइल लाइफटाइम आहे, ह्याला हात लावू नकासा." दोन महिन्यांनी झटका वाढल्यावर त्याच काउंटरवर दुसऱ्या माणसाने मशीनने ऑइल बदलण्याचे १४,५०० रुपये सांगितले. आयुष्यभर टिकणारे ऑइल दोन महिन्यांत कालबाह्य कसे झाले, या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, आणि त्या रागातच मी हे काम घरी करण्याचे ठरवले.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. गाडीसोबत मिळालेले पुस्तक मी सात वर्षांत प्रथमच नीट वाचले, तेव्हा त्यात लाइफटाइम हा शब्द कोठेही सापडला नाही. सामान्य वापरात बदलण्याची गरज नाही, मात्र कठोर वापरात एक लाख किलोमीटरला बदलावे, असे तेथे स्पष्ट छापलेले होते. आता माझा वापर पाहा. आठवड्यातून दोनदा बेळगाव ते निपाणी, महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून गोवा, आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात संकेश्वर-चिकोडी भागात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणे. मोकळ्या राष्ट्रीय महामार्गावर टॉर्क कन्व्हर्टर आतील क्लचने जखडला जातो आणि घसरण थांबते. परंतु ट्रॉलीमागे रांगताना तो जखडला जात नाही, इंजिनची ताकद ऑइल घुसळण्यात खर्च होते आणि तिची उष्णता होते. हेच ऑइल आतील क्लचप्लेटांना दाब पुरवते, त्यांचे घर्षण सांभाळते आणि त्यांना थंडही ठेवते. म्हणजे उसाच्या हंगामात आमच्या भागातील प्रत्येक ऑटोमॅटिक गाडी कठोर वापरातच मोडते, मग तिचा मालक ती कितीही हळुवारपणे चालवत असो.

प्रत्यक्ष काम दिवाळीच्या सुट्टीत केले. ज्यांनी इंजिन ऑइल घरी बदलले आहे त्यांना ड्रेन बोल्ट (ऑइल काढण्याचा तळाचा बोल्ट) सोडणे नवे नाही. नवा आहे तो पातळी मोजण्याचा प्रकार. या गिअरबॉक्सला डिपस्टिक (पातळी पाहण्याची पट्टी) नाही. वरच्या बाजूच्या छिद्रातून ऑइल भरायचे, इंजिन सुरू करून ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक स्थितीत दोन-दोन सेकंद फिरवायचे, ऑइलचे तापमान ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान आणायचे, आणि मग इंजिन चालू असतानाच खालून पातळीचा बोल्ट सोडायचा. बारीक धार येऊन ती थेंबांवर आली की पातळी बरोबर समजावी. धार आलीच नाही तर ऑइल कमी आहे. बोल्ट बंद करून आणखी घालायचे.

तापमानाचा एवढा आग्रह कशासाठी, हे मलाही आधी कळले नव्हते. ऑइल तापले की फुगते. सात लिटर ऑइल तीस अंशांनी तापले, तर त्याचे आकारमान सुमारे दीडशे मिलिलिटरने वाढते, म्हणजे थंड गाडीत पातळी लावली तर ती गरम झाल्यावर चुकलेलीच असणार. म्हणून ११०० रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर घेतला, जो गिअरबॉक्सचे तापमान मोबाइलवर दाखवतो. मुलगा आत ब्रेक दाबून बसला आणि आकडे मोठ्याने वाचत राहिला. तीसवरून पन्नासवर यायला वीसेक मिनिटे लागली.

दुसरी अट अशी की गाडी पूर्ण समपातळीत असली पाहिजे, आणि चारही चाके उचलल्याशिवाय खाली शिरता येत नाही. विटांवर गाडी उभी करणाऱ्यांचे फोटो मी पाहिले आहेत. कृपा करून तसे करू नका. चार जॅकस्टँड २८०० रुपयांना घेतले. समपातळीसाठी मात्र एक पैसाही खर्च झाला नाही, कारण शेजारी घराचे काम चालले होते आणि तेथील गवंड्याने आपली पाण्याची पारदर्शक नळी अर्ध्या तासासाठी दिली. नळीचे एक टोक पुढच्या दाराखाली आणि दुसरे मागच्या दाराखाली धरले की पाणी खरे सांगते. या सबंध उद्योगातील हा सर्वांत समाधानाचा भाग होता, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

जुने ऑइल बाहेर आले ते तपकिरी, जवळजवळ काळे. नवे ऑइल रंग घातल्यामुळे डाळिंबी लाल असते, त्यामुळे फरक डोळ्यांत भरतो. जळका वास नव्हता. बोल्टच्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ लेई होती, जी सामान्य झिजेची खूण आहे. चकाकणारे तुकडे असते तर मी तेथेच थांबून गाडी मेकॅनिककडे ओढून नेली असती. मोजून ३.६ लिटर निघाले. गिअरबॉक्सची एकूण क्षमता ७.१ लिटर असल्याने उरलेले निम्मे ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्येच राहिले. याचा हिशेब असा होतो की एका खेपेत सुमारे निम्मे, दुसऱ्या खेपेत ७५ टक्क्यांहून थोडे अधिक आणि तिसऱ्या खेपेत ८८ टक्क्यांच्या आसपास ऑइल नवे होते. शंभर टक्के घरी कधीच होत नाही, आणि ज्याला ते हवे आहे त्याने मशीनचे पैसे मोजावेत.

आणि आता वॉशर.

ड्रेन बोल्टखाली ॲल्युमिनियमचा एक चपटा वॉशर असतो, जो एकदा आवळला की दबून जागेचा आकार घेतो आणि म्हणूनच पुन्हा वापरायचा नसतो. हे पुस्तकात लिहिलेले आहे. मी ते वाचलेही होते. परंतु तो दिसायला चांगला होता, दुकाने दिवाळीमुळे बंद होती, आणि माझ्या स्वभावात चांगली दिसणारी वस्तू टाकून देणे बसत नाही. पुसून परत लावला. आठवड्याभरात फरशीवर पहिला डाग दिसला.

पहिली भीती ॲक्सलच्या सीलची, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टभोवतीच्या रबरी कड्याची होती, कारण ते बदलायचे तर शाफ्ट काढावा लागतो. सर्व भाग पुसून त्यावर टाल्कम पावडर उडवली आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तेव्हा पावडरीवरील ओली रेघ बरोबर ड्रेन बोल्टपाशी सुरू होत होती. म्हणजे दोष माझाच. बोल्ट आणखी आवळून पाहण्याचा मोह झाला. पाना लावलाही होता. परंतु गिअरबॉक्सचे कवच ॲल्युमिनियमचे असते, आणि त्याचे आटे एकदा गेले की बारा रुपयांचे काम काही हजारांवर जाते. पाना काढून ठेवला.

त्यानंतर तीन महिने मी रोज पुठ्ठा तपासला. रोज एक थेंब, क्वचित दोन. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर तीन महिन्यांत चमचाभर ऑइल गेले. सात लिटरांपुढे चमचा म्हणजे काहीच नाही, हे पत्नीने मला कागदावर मांडून दाखवले, आणि त्या गणितात चूक नव्हती. तरीही मला ते पटले नाही, कारण उभ्या गाडीखाली एक थेंब पडत असेल, तर धावताना तापलेले, पातळ झालेले आणि सतत उसळणारे ऑइल किती जात असेल हे पुठ्ठा सांगू शकत नाही.

फेब्रुवारीत शेवटी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गेलो. तेथे हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडरची एवढी कामे चालतात की फिटिंग्जच्या कोणत्याही दुकानात सीलिंग वॉशरचा डबाच असतो. जुना वॉशर काउंटरवर ठेवून, हा तापवून पुन्हा मऊ करता येईल का, असे मी विचारले. दुकानदाराने तो बोटावर फिरवून पाहिला आणि म्हणाला, "हळेदु ब्याडरी, सर." म्हणजे जुना नको. मग मराठीत समजावले. तांब्याचा वॉशर लाल होईपर्यंत तापवला की मऊ होतो आणि एखाद्या वेळी पुन्हा चालतो. ॲल्युमिनियम मात्र लाल दिसण्याआधीच वितळते, त्यामुळे घरच्या गॅसवर तो प्रयोग करू नये. त्याच मापाचे तांब्याचे दोन वॉशर दिले, प्रत्येकी बारा रुपये. रबराची कड असलेला डाउटी वॉशरही दाखवला, पण बोल्टखालची जागा अरुंद असल्याने तो घेतला नाही.

वॉशर बदलायचा तर निघेल तेवढे ऑइल पुन्हा काढावेच लागते, म्हणून तीच दुसरी खेप धरली आणि आणखी चार लिटर आणले. या वेळी निघालेले ऑइल गडद लाल होते, तपकिरी नव्हते, आणि तेवढ्यावरूनच पहिल्या खेपेचा उपयोग दिसला.

झटक्याबद्दलचे माझे मत दोनदा बदलले. पहिल्या खेपेनंतर तो नाहीसा झाला असे मी सर्वांना सांगत सुटलो होतो. तीन आठवड्यांनी तो थंड सकाळी पुन्हा जाणवू लागला, तेव्हा पैसे खर्च केल्याच्या आनंदाचाही आधीच्या सुधारणेत वाटा असावा, असे वाटले. पहिल्या खेपेपासून झालेल्या नऊ हजारांपैकी साडेचार हजार किलोमीटर दुसऱ्या खेपेनंतरचे आहेत आणि या काळात झटका एकदाही आलेला नाही, चोर्ल्याच्या चढावर भरल्या गाडीतसुद्धा. त्यामुळे निम्मे ऑइल बदलून थांबणाऱ्यांना मी दुसरी खेप करण्याचाच सल्ला देईन. सर्व्हिस सेंटरवरचा रागही काहीसा निवळला आहे. मशीनच्या दराबद्दल नव्हे, तर ज्या मुलाने हात लावू नका असे सांगितले त्याच्याबद्दल, कारण फार झिजलेल्या गिअरबॉक्समध्ये नवे ऑइल घातल्यावर घसरण उघडी पडते आणि दोष बदलणाऱ्याच्या माथी येतो, ही त्याची भीती खोटी नव्हती.

जुन्या ऑइलसाठी खानापूर तालुक्यातील आमच्या एका मामांनी निरोप धाडला होता, कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी लावायला. दिले नाही. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते आणि पावसात ते खांबावरून सरळ विहिरीकडे जाणार. ज्या वर्कशॉपचे जळके ऑइल नोंदणीकृत पुनर्वापर करणारे उचलतात, तेथे सातेक लिटरचे कॅन नेऊन दिले. मामा अजून थोडे रुसलेले आहेत.

खर्च पाहू. दोन खेपांचे आठ लिटर ऑइल ६८००, स्कॅनर ११००, जॅकस्टँड २८००, ऑइल भरायची नळी आणि नरसाळे ३५०, वॉशर २४. एकूण ११,०७४ रुपये. मशीनच्या दराशी तुलना करता ३४२६ रुपये वाचले, आणि त्यातून दोन रविवार व एक जुना शर्ट वजा करावा लागेल. दिवाळीआधीच वॉशर आणून ठेवला असता तर दुसरी खेप मी माझ्या मर्जीने, उसाचा हंगाम पूर्ण संपल्यावर केली असती.

तिसरी खेप गणपतीनंतर करायची आहे. उरलेला एक वॉशर कुंद्याच्या रिकाम्या डबीत घालून गाडीच्या कप्प्यात ठेवला आहे, आणि डबीवर मुलाने मार्करने "जुना लावू नये" असे लिहिले आहे. पुठ्ठा मात्र अजून उचललेला नाही.